कोबोलची आजी : ग्रेस हॉपर

पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी, भांडारातला साठा ही कामे संगणकावर होतात याचे आम्हा कचेरीतल्या मंडळींना आता नवल वाटत नाही. पण गणितज्ञांचे हे यंत्र हिशेबनिसाच्याही कामी यावे, असा हट्ट एका बाईंनी धरला होता. त्या ग्रेस हॉपर.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी त्यांनी गजराचे घड्याळ आत कसे चालते ते पाहण्यासाठी उघडले. ते जुळेना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातली सात घड्याळे सुटी झाली. पुढे आईने एकाच घड्याळाची परवानगी ठेवली! १९३४ साली येल विद्यापीठातून त्या गणितात डॉक्टरेट झाल्या. व्हासार कॉलेजात प्राध्यापकी चालू होती. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या नौदलात जायला निघाल्या, तर वय जास्त आणि वजन कमी! खास सवलत मिळवून त्या भरती झाल्याच. १९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला ‘मार्क १’ या सुमारे ५१ फूट लांबीच्या यंत्रावर नेमण्यात आले.

त्या काळी यंत्राला द्यायच्या सगळ्या आज्ञा आकड्यांत लिहाव्या लागत. एकाच गणिताचे तुकडे पुन्हा पुन्हा लागत आणि ते एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना आकडा चुकायचाच. कचेरीत नक्कल करणाऱ्यांना हे दुखणे वेगळे सांगायला नको. हॉपरबाईंनी तपासलेले तुकडे फितीवर साठवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. नुसता क्रमांक सांगितला की यंत्राने तो तुकडा शोधून आपणच जोडायचा. १९५२ मधला हा त्यांचा ‘ए-शून्य’ कंपायलर. यंत्र फक्त आकडेमोड करते, ते प्रोग्राम कसा तयार करील, असे म्हणत लोक बराच काळ त्यावर विश्वासच ठेवीनात.

पुढची पायरी शब्दांची. ज्यांना चिन्हांची भाषा जमत नाही त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा द्याव्यात, म्हणून त्यांनी ‘फ्लो-मॅटिक’ रचली. वरिष्ठांना दाखवताना त्यांनी त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवल्या. वरिष्ठ हादरलेच! अमेरिकन यंत्राला परकी भाषा कळूच कशी शकते? यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच, हे साहेबांना पटवायला फार वेळ गेला. परप्रांतात राहून मराठी सांभाळणाऱ्या आपल्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

१९५९ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने एक समिती बसली आणि त्यातून ‘कोबोल’ ही व्यवहारी कामाची भाषा तयार झाली. हॉपरबाई तिथे सल्लागार होत्या. प्रत्यक्ष रचना इतरांनी केली, त्यामुळे त्यांना कोबोलची आई म्हणणे समितीतल्या काहींना रुचत नसे. आम्ही आजी म्हणतो ते याच कारणाने, कारण पाया फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. तोवर यंत्र बदलले की सगळे नव्याने लिहावे लागे.

कोबोलमधले हिशेब इतके टिकले की जागा वाचवण्यासाठी दोनच आकड्यांत लिहिलेली साले २००० जवळ येताच डोकेदुखी झाली. त्या दुरुस्तीचे पुष्कळ काम भारतातल्या कंपन्यांकडे आले आणि आपल्याकडची कितीतरी तरुण मुले त्या निमित्ताने कोबोल शिकली.

नौदलाने १९६६ साली त्यांना निवृत्त केले आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने संपायला १९८६ साल उजाडले! (आमच्याकडे मुदतवाढीची फाईल इतकी भाग्यवान नसते.) व्याख्यानांत त्या श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची तार देत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापते, हे हातात धरून समजावे म्हणून. ‘आजवर असेच चालत आले’ या सबबीचा त्यांना तिटकारा होता. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरत असे आणि तरी वेळ बरोबर दाखवी.

वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा दफनविधी झाला. पुढे अमेरिकी नौदलाने एका युद्धनौकेला ‘हॉपर’ हे नाव दिले.