हिमालयाच्या वाटेवरील एकाकी पदयात्री
प. प. श्रीमद् वासुदेवानंदसरस्वती (टेंबे) स्वामीमहाराज

श्रीदत्तसंप्रदायाच्या अर्वाचीन इतिहासात प. प. श्रीमद् वासुदेवानंदसरस्वती स्वामीमहाराजांचे स्थान अद्वितीय आहे. संन्यास घेतल्यानंतर तेवीस वर्षे श्रीस्वामीमहाराज अनवाणी चालत राहिले. हिमालयातील बद्रिकेदारपासून दक्षिणेतील तंजावरपर्यंतची भूमी त्यांच्या चरणस्पर्शाने पावन झाली. दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांना त्यांच्या या पदयात्रेची ओळख व्हावी, यासाठी हे संक्षिप्त चरित्र येथे देत आहोत.

जन्म व पूर्वाश्रम

श्रीमहाराजांचा जन्म श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे दि. १३ ऑगस्ट १८५४ रोजी सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील माणगाव येथे झाला. पित्याचे नाव गणेशभट्ट व मातोश्रींचे रमाबाई. बालवयातच त्यांनी वेदाध्ययन केले व पुढे ज्योतिषशास्त्रातही प्रावीण्य मिळविले. एकविसाव्या वर्षी त्यांचा विवाह अन्नपूर्णाबाई यांच्याशी झाला. श्रीक्षेत्र नरसोबावाडी येथे श्रीदत्तप्रभूंची कृपा झाल्यावर इ. स. १८८३ मध्ये त्यांनी माणगाव येथे दत्तमंदिराची स्थापना केली. अल्पावधीतच ते स्थान भाविकांनी गजबजून गेले.

अशी प्रतिष्ठा लाभली असतानाच इ. स. १८८९ मध्ये श्रीदत्तप्रभूंच्या आज्ञेने त्यांनी घर, गाव व मंदिर यांचा त्याग केला. सहधर्मचारिणी अन्नपूर्णाबाई याही त्यांच्यासमवेत पायी निघाल्या. इ. स. १८९१ मध्ये गोदातीरी गंगाखेड येथे महामारीच्या विकाराने त्यांचे निधन झाले. उत्तरकार्य यथाविधी पार पाडून श्रीमहाराजांनी चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. पुढे उज्जयिनीस श्रीनारायणानंदसरस्वती स्वामींकडून दंडग्रहण करून ते ‘वासुदेवानंदसरस्वती’ झाले.

यतिधर्म व पदयात्रा

दंड, कमंडलू व छाटी एवढाच त्यांचा परिग्रह होता. द्रव्याला स्पर्श नाही, वाहनात बसणे नाही, पायांत पादत्राण नाही. दिवसातून एकदाच भिक्षा, आणि तीही शास्त्राने सांगितलेल्या नियमांनुसार. भिक्षा न मिळाल्यास त्या दिवशी उपवास. त्या काळी देशात आगगाडी सर्वत्र सुरू झाली होती. परंतु श्रीस्वामीमहाराजांनी तिचा आश्रय कधीही घेतला नाही.

पावसाळ्यात भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. चालताना त्यांची हिंसा घडू नये, म्हणून यतीने चातुर्मासात एका स्थानी राहावे, असा नियम आहे. श्रीमहाराजांनी तो आजन्म पाळला. त्यामुळे त्यांच्या तेवीस चातुर्मासांची क्रमवार यादी हाच त्यांच्या पदयात्रेचा विश्वसनीय आलेख ठरतो.

हिमालयातील दोन वर्षे

पहिला चातुर्मास उज्जयिनीस (१८९१) व दुसरा गंगातीरी ब्रह्मावर्त येथे (१८९२) झाल्यावर श्रीमहाराज उत्तराखंडाकडे निघाले. इ. स. १८९३ चा चातुर्मास बद्रिकेदार येथे व १८९४ चा गंगोत्री येथे झाला.

आज बद्रीनाथपर्यंत वाहनाने जाता येते. त्या काळी हरिद्वारपासून सुमारे ३०० किलोमीटरची ती वाट पायीच चालावी लागे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, विष्णुप्रयाग असे एकेक संगमस्थान मागे टाकीत, कधी खोल दरीत उतरत, तर कधी उभा कडा चढत यात्रेकरू पुढे सरकत. मुक्कामाची स्थाने ‘चट्टी’ या नावाने ओळखली जात. रुद्रप्रयागाहून मंदाकिनीच्या काठाने जाणारी वाट ३,५८३ मीटर उंचीवरील श्रीकेदारनाथास पोहोचते. तेथे ऐन उन्हाळ्यातही रात्री हाडे गोठविणारी थंडी असते.

श्रीमहाराजांचा देह सुदृढ नव्हता. संग्रहणीच्या व्याधीने त्यांना आयुष्यभर छळले. अशा प्रकृतीने, एका छाटीनिशी व अनवाणी पायांनी त्यांनी हिमालयाची ही वाट आक्रमिली. स्नान, संध्या व दंडतर्पण यांत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही.

ती दोन वर्षे त्या प्रदेशासही संकटाची होती. सप्टेंबर १८९३ मध्ये अलकनंदेस मिळणाऱ्या बिरही नदीत प्रचंड दरड कोसळून गोहना येथे मोठे सरोवर तुंबले. ऑगस्ट १८९४ अखेर तो बांध फुटला व गढवालमधील श्रीनगर हे यात्रामार्गावरील नगर पुराने उद्ध्वस्त केले. आधीच सूचना मिळाल्याने लोक उंचावर गेले होते, म्हणून मोठी प्राणहानी टळली. हिमालयाची वाट किती बेभरवशाची होती, याची यावरून कल्पना यावी.

गृहस्थाची मूठभर भिक्षा

सर्वसंगपरित्यागी यतीलाही देहधारणेपुरते अन्न लागतेच, आणि ते गृहस्थाच्या घरातूनच यावयाचे असते. हिमालयाच्या वाटेवरही हेच दिसून येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हृषीकेश येथील बाबा कालीकमलीवाले यांच्या प्रेरणेने दानशूर गृहस्थांनी या मार्गावर धर्मशाळा व सदावर्ते उभारली. ज्यांना स्वतः यात्रा घडणे शक्य नव्हते, अशा अनेकांचे दान कोणा अनोळखी साधूच्या वा यात्रेकरूच्या मुखी पडले. श्रीमहाराजांनी द्रव्य कधी स्वीकारले नाही. परंतु नियमाने आलेली भिक्षा अन्नब्रह्म मानून ग्रहण केली. चालणाऱ्याचे तप आणि देणाऱ्याचे दान हे दोन्ही मिळूनच तीर्थयात्रा पूर्ण होते.

पुढील प्रवास व ग्रंथसंपदा

इ. स. १८९५ मध्ये हरिद्वारचा चातुर्मास आटोपून श्रीमहाराज गुजरातेत आले. पेटलाद, तिलकवाडा, द्वारका, चिखलदा, महत्पूर येथील चातुर्मासांनंतर १९०१ ते १९०४ हे चार चातुर्मास पुन्हा ब्रह्मावर्तास झाले. पुढे नरसी (१९०५), बढवाह (१९०६), तंजावर (१९०७), मुक्त्याला (१९०८), पवनी (१९०९), हावनूर (१९१०), कुरुगड्डी (१९११) व पुनश्च चिखलदा (१९१२) असा क्रम आहे.

या अखंड भ्रमंतीतही त्यांची लेखणी थांबली नाही. ‘द्विसाहस्री गुरुचरित्र’, ‘दत्तपुराण’, ‘दत्तमाहात्म्य’ आदी ग्रंथ, करुणात्रिपदी व घोरकष्टोद्धरण स्तोत्र ही त्यांचीच देणगी होय. दत्तमंदिरांतून घुमणारा ‘दिगंबरा’ हा अष्टादशाक्षरी मंत्रही त्यांच्याच मुखातून प्रकट झाला.

समाधी

इ. स. १९१३ मध्ये श्रीमहाराज गुजरातेत नर्मदातीरी गरुडेश्वर येथे आले. तेविसावा चातुर्मास तेथेच झाला. आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६ (इ. स. १९१४) रोजी वयाच्या साठाव्या वर्षी ते तेथेच ब्रह्मलीन झाले. नर्मदाकाठचे त्यांचे समाधिमंदिर सर्व दत्तभक्तांचे श्रद्धास्थान आहे.

आज बहुतेक भाविक वाहनानेच दर्शनास येतात, आणि त्यात उणेपणा मुळीच नाही. मात्र गाभाऱ्यापर्यंतची अखेरची काही पावले अनवाणीच चालावयाची असतात. ती चालताना श्रीस्वामीमहाराजांचे क्षणभर स्मरण करावे, आणि अन्नदानाच्या पात्रात यथाशक्ति एक मूठ घालावी. श्रीमहाराजांना प्रिय असलेली सेवा याहून वेगळी नाही.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥