गॉर्डन हॉल : परमुलखातील एक संसार

नाशिकहून कळवणकडे निघालेल्या प्रवाशाची प्रकृती आज वाटेत बिघडली, तर वणी किंवा कळवण येथील रुग्णालय तासाभरात गाठता येते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी याच नाशिकहून एक अमेरिकन गृहस्थ मुंबईच्या वाटेला लागला तेव्हा त्याच्या औषधांची पेटी जवळजवळ रिकामी झालेली होती. रेव्हरंड गॉर्डन हॉल यांचा तो अखेरचा प्रवास. अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या आदराखाली त्यांच्या संसाराची कहाणी मात्र काहीशी झाकली गेली आहे.

हॉल यांचा जन्म १७८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील टॉलंड या गावी झाला. विल्यम्स कॉलेजचे ते पदवीधर. मिशनरी म्हणून जाण्याचे ठरल्यावर त्यांनी फिलाडेल्फियात वैद्यकाचेही शिक्षण घेतले. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा मिळाली आणि ते दोन जहाजांनी हिंदुस्थानाकडे निघाले. कलकत्त्यास पोहोचताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. वेल्लोरचा १८०६ चा उठाव कंपनीच्या स्मरणात ताजा होता आणि धर्मप्रसारामुळे लोक खवळतील ही धास्ती होती. त्यातच जून १८१२ मध्ये अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले. धर्मोपदेशक म्हणून नकोसे असलेले हे लोक आता शत्रूराष्ट्राचे नागरिकही ठरले.

या हुकमाची झळ प्रथम स्त्रियांना बसली. सॅम्युएल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट गर्भवती अवस्थेत कलकत्त्याहून निघाली. तिचे मूल समुद्रावरच जन्मले आणि काही दिवसांतच गेले. मॉरिशसला पोहोचल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तीही गेली. हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. तेथेही हद्दपारीचे संकट होतेच. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघे गुपचूप जहाजाने कोचीनला निघून गेले, तेव्हा नॉट यांची पत्नी व तान्हे मूल मुंबईतच राहिले. सरकारने दोघांना परत आणविले. हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जांवर अर्ज केले आणि अखेरीस राहण्याची मुभा मिळविली. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करताना, नवरा परागंदा आणि सरकार नाराज अशा परक्या शहरात त्या बाईने ते दिवस कसे काढले असतील, याचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही. नॉट कुटुंब १८१५ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव मायदेशी परतले.

हॉल राहिले. डिसेंबर १८१६ मध्ये त्यांनी मार्गारेट लुईस या इंग्रज तरुणीशी विवाह केला. हॉल यांचा दिवस मराठी शिकण्यात, रस्त्यांवर व देवळांच्या आवारात प्रवचने देण्यात, शाळांची पाहणी करण्यात आणि भाषांतरात जाई. त्यांच्या मिशनने १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू केली व १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. नव्या कराराचे मराठी भाषांतर १८२६ मध्ये छापून पूर्ण झाले. एवढ्या खटपटीनंतर धर्मांतरितांची संख्या मात्र नगण्यच राहिली. येथील देवधर्मावर त्यांनी केलेली टीका कठोर होती आणि ती श्रोत्यांना रुचली नाही, यात नवल नाही.

लोकांच्या रोषापेक्षा खरा धोका हवापाण्यातून आला. बंगालमध्ये १८१७ साली उसळलेली पटकीची साथ पुढच्याच वर्षी मुंबईत पोहोचली. न्यूएल १८२१ मध्ये पटकीनेच गेले. जॉन निकोल्स १८२४ मध्ये आणि एडमंड फ्रॉस्ट १८२५ मध्ये वारले. न्यूएल आणि हॉल यांनी १८१८ मध्ये साठ कोटी लोकांच्या धर्मांतराचे आवाहन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. अशा भव्य योजनांच्या हिशेबात माणसे आणि पैसा यांचे रकाने असतात; विधवा आणि पोरकी मुले यांचा रकाना क्वचितच असतो. बॉस्टनची संस्था पगार पाठवू शकत होती. संरक्षण देणे तिच्या हाती नव्हते.

१८२५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने मार्गारेट दोन लहान मुलांसह अमेरिकेस निघाली. आधीच सहकारी उरले नव्हते, म्हणून हॉल मुंबईतच थांबले. त्या प्रवासात एक मुलगा दगावला.

२ मार्च १८२६ रोजी हॉल दोन ख्रिस्ती मुलांना सोबत घेऊन घाटावर निघाले. नाशिकमध्ये पटकीने थैमान घातले होते. उपदेश बाजूला ठेवून त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि जवळची बहुतेक औषधे वाटून टाकली. परतीच्या वाटेवर, मिशनच्या कागदपत्रांत दूर्ली-धापूर असे नोंदलेल्या गावी, १९ मार्चच्या रात्री ते एका देवळाच्या ओसरीवर निजले. मूर्तिपूजेवर आयुष्यभर टीका करणाऱ्या या माणसाला देवळाची ओसरी कोणी नाकारली नाही, हे त्या गावाच्या पदरात टाकावयास हवे. पहाटे दोन रोग्यांना पाहून ते निघणार, तोच त्यांना स्वतःला पटकीने गाठले. उरलेसुरले औषध पोटात ठरले नाही. सुमारे आठ तासांत, बेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, सर्व संपले. सोबतच्या मुलांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून शवपेटीविनाच पुरले.

औषधे राखून ठेवली असती तर ते वाचले असते काय? आजच्या ज्ञानाने पाहता, बहुधा नाही. पटकीचा रोगी शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने मरतो. दूषित पाण्याशी तिचा संबंध जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ साली दाखविला. मीठ-साखरेच्या पाण्याचा उपाय तर १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत मोठ्या प्रमाणावर वापरून सिद्ध केला. नाशिकच्या रोग्यांनाही त्या पेटीचा फारसा उपयोग झाला नसावा. पण हॉल यांना हे ठाऊक नव्हते. आपल्या समजुतीप्रमाणे ते स्वतःच्या जिवाचाच साठा वाटत होते, आणि त्या साठ्यावर अमेरिकेतील दोघांचाही हक्क होता. त्या दोघांना विचारण्याची सोय नव्हती.

तेव्हा टपाल जहाजानेच जाई. पती मृत्यू पावल्यानंतरही कित्येक महिने मार्गारेट हॉल त्यांना जिवंत समजत होती. वाचलेला मुलगा बापाचेच नाव घेऊन वाढला व पुढे धर्मोपदेशक झाला, तो मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन या गावी.