इटलीला न जाता राफाएलकडून पोर्ट्रेट शिकलेला रेम्ब्रांट

गिरणीवाल्याचा पोरगा रेम्ब्रांट कधीच इटलीला गेला नाही. पण १६३९ साली इटलीच त्याच्या दारात आली. ॲमस्टरडॅमच्या एका लिलावात राफाएलनं रंगवलेलं कास्तिल्योनेचं पोर्ट्रेट निघालं. बोली थांबली ३,५०० गिल्डरवर. रेम्ब्रांटनं तर त्याच वर्षी १३,००० गिल्डरचं घर घेतलेलं, तेही हप्त्यावर. मग काय, गड्यानं शाईनं भराभर नक्कल उतरवली, शेजारी किंमतही टिपली. टोपी मात्र मूळ चित्रापेक्षा तिरकी!

१६४० मध्ये, ३४व्या वर्षी, त्यानं स्वतःलाच तैलरंगात रंगवलं. वळलेलं अंग, कठड्यावर हात, नजर थेट आपल्यावर. बैठक राफाएलची, फुगीर बाही टिशियनच्या चित्रातली, चेहरा स्वतःचा.

१६५६ मध्ये दिवाळं निघालं, पुढं घरही गेलं. ती घाईतली नक्कल आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे.