त्रिकोणांची सायकल

डेन्मार्कमध्ये १८५५ साली जन्मलेले मिकाएल पेडरसन हे मुळातच अवलिया संशोधक. सायकलच्या टणक सीटला कंटाळून त्यांनी आधी दोऱ्यांची झोळी विणली आणि मग तिच्यासाठी फ्रेम रचली! पुलाच्या कैचीप्रमाणे बारीक नळ्यांचे त्रिकोण जुळवलेल्या या फ्रेमला बळकटी येई ती धातूच्या जाडीतून नव्हे, मांडणीतून. स्वाराचा भार त्या त्रिकोणांत वाटला जाई. झोळीची उंची मात्र फारशी बदलता येत नसे. म्हणून उंच, धिप्पाड स्वारासाठी फ्रेमच मोठ्या मापाची लागे. १८९३ मध्ये पेटंट घेतलेली ही सायकल पुढे इंग्लंडमधील डर्स्ली गावी तयार होऊ लागली. नाव झाले, पैसा टिकला नाही. १९२९ मध्ये मायदेशी दारिद्र्यातच ते निवर्तले. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष डर्स्लीत आणून पुन्हा दफन करण्यात आले.