मुंबईचे शाहीर पठ्ठे बापूराव

आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकेत देण्याची प्रथा आहे. शास्त्री, वकील, न्यायाधीश, ग्रंथकार यांस त्यात मानाचे स्थान मिळते व ते योग्यच होय. परंतु ज्या पुरुषास आपण त्याच्या हयातीत दूर लोटले, त्याचे स्मरण आजही न करणे हा कृतघ्नपणा ठरेल. तो पुरुष म्हणजे शाहीर पठ्ठे बापूराव.

त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी झाला. दप्तर सांभाळावे आणि मानाने राहावे, हा कुळाचा मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु तमाशाच्या ढोलकीने त्यांचे चित्त वेधून घेतले. ब्राह्मणाने घरात बसून कवने रचली असती तर कोणी हरकत घेतली नसती. बापूराव मात्र फडात उभे राहिले, आणि महार समाजातील गुणवती कलावती पवळा हिच्या साथीने त्यांनी तमाशाला अपूर्व वैभव प्राप्त करून दिले. ज्ञातीने त्यांस भ्रष्ट ठरविले. त्यांचा ‘मिठाराणी’चा वग कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी पाहिला, आप्तस्वकीयांची दारे मात्र बंदच राहिली.

त्यांना आसरा दिला तो मुंबईच्या रसिकांनी. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या, तसे घाटावरचे व कोकणातले कष्टकरी पोटासाठी तेथे लोटले. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालीच प्रसिद्ध झाले होते. पण ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांना त्याचा काय लाभ? बापूरावांनी मुंबईची लावणी रचली. नगरीचा थाट, तिचा बाजार, तिची मोहिनी त्यांनी डफ-ढोलकीच्या ठेक्यावर सांगितली आणि रावणाच्या लंकेची उपमा तिला दिली. त्या उपमेत वैभवाचे कौतुक आहे, तसाच सावधगिरीचा इशाराही आहे, असे मला वाटते.

त्याच वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली मातंग कुटुंबात अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यांनीही मुंबईची लावणी रचली. परंतु तीत मलबार हिलचे ऐश्वर्य आणि श्रमिकांचे दैन्य समोरासमोर उभे केले. एकाने नगरीचा झगमगाट गायिला, दुसऱ्याने त्या झगमगाटाखालचा अंधार दाखविला. कुलकर्ण्याच्या मुलाने हाती घेतलेले गाणे मातंगाच्या मुलाने पुढे नेले. गाण्याने जात विचारली नाही. विचारली ती आपण.

पुढे पवळेची साथ सुटली व बापूरावांचे वैभव ओसरले. अखेरचे दिवस हलाखीत काढून २२ डिसेंबर १९४५ रोजी पुणे येथे ते निवर्तले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्या जीवनावर मराठी बोलपट निघाला व लोकांनी तो पाहिला.

ज्ञातिबांधवहो, शाळेत मी मुलांना अनेक कवी शिकविले. पण बापूरावांचे नाव वर्गात उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही, हे येथे कबूल करतो. आज त्यांना आपले म्हणावयाचे असेल, तर अभिमानाआधी थोडी लाज वाटू द्यावी. आणि त्यांचे नाव घेताना पवळेचे नाव गाळू नये. एवढे केले तरी ऋणाचा अल्पसा अंश फिटेल.