चुकलेले गणित न लपविणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थिमित्रहो, ज्याचे पहिलेच भाकीत साफ चुकले, त्याच पुरुषास आज हवामानाच्या गणिती भाकिताचा आद्य प्रवर्तक मानतात. त्याचे नाव लुइस फ्राय रिचर्डसन.

त्यांचा जन्म इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ११ ऑक्टोबर १८८१ रोजी, युद्ध निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. केंब्रिजचे शिक्षण संपल्यावर काही वर्षांनी, १९१३ मध्ये, ते स्कॉटलंडातील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे अधीक्षक झाले. वारा, दाब व तपमान हे ठराविक नियमांनी बांधलेले आहेत. मग आताच्या स्थितीवरून पुढची स्थिती आकडेमोडीने का काढू नये, हा त्यांचा ध्यास होता.

महायुद्ध पेटले. शस्त्र धरणे त्यांस मान्य नव्हते, परंतु स्वस्थ बसणेही रुचेना. १९१६ मध्ये पद सोडून ते फ्रान्सच्या रणभूमीवर जखमींची गाडी हाकू लागले. उसंत मिळताच गवताच्या ढिगावर बसून ते २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांचे गणित मांडीत. उत्तर आले, दाब १४५ मिलिबारांनी वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी तो जवळजवळ स्थिर होता! पुढे ते हस्तलिखितही हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

१९२२ मध्ये त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि फसलेले गणित त्यात जसेच्या तसे छापले. म्हणूनच पुढील संशोधकांस दोष शोधता आला. मूळ नोंदींत वारा व दाब यांचा मेळ किंचित बसत नव्हता. त्यामुळे गणितात वेगवान लाटा उसळल्या. खाडीची भरती मोजू जावे आणि होडीने उठविलेल्या लाटाच मोजाव्यात, तसे झाले. त्या लाटा गाळून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा उत्तर समंजस आले.

हवेचा थर शांत राहील की भोवऱ्यांनी ढवळून निघेल, हे सांगणारा अंक आज रिचर्डसनांच्याच नावाने ओळखला जातो.

युद्धानंतर ते हवामान खात्यात परतले. परंतु १९२० मध्ये ते खाते हवाई दल सांभाळणाऱ्या मंत्रालयाकडे गेले, तेव्हा त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. पुढे अध्यापन करीत त्यांनी युद्धांच्या कारणांचाही गणिताने शोध घेतला. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक यंत्राने हवामानाचे गणित करून दाखविले, ते त्यांस पाहावयास मिळाले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, वहीतले चुकलेले उदाहरण खोडून टाकण्यापूर्वी या सत्यनिष्ठ पुरुषाचे स्मरण करा.