आकड्यांचे पारखी

मुळशी तालुक्यातील दोन शेतकऱ्यांनी आपापल्या खाचरांत भाताची निरनिराळी बियाणी लावली, असे समजा. एकाच्या खाचरात मणभर भात अधिक पिकले. तेवढ्यावरून त्याचे बियाणे सरस ठरेल काय? कदाचित तो निव्वळ योगायोगही असेल. खरा फरक कोणता आणि योगायोगाचा कोणता, हे पारखण्याची रीत संख्याशास्त्र शिकविते. या शास्त्रात जगभर कीर्ती मिळविणारे महाराष्ट्रीय पंडित म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली ते पदवीधर झाले आणि पुढील अध्ययनासाठी लंडनला गेले. १९३६ साली तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. दोन गटांच्या सरासरींतील फरक कितपत विश्वासार्ह आहे, हे ठरविण्यास उपयोगी पडणारी कोष्टके त्यांनी १९३८ साली प्रसिद्ध केली. खरा भेद नसताना जो फरक केवळ योगायोगाने शंभरांत पाचांहून कमी वेळा दिसेल, तोच दखल घेण्याजोगा मानावा, असा या पारखीचा एक रूढ दंडक आहे. शेतीप्रमाणेच मानसशास्त्रातही, दोन गटांतील मुलांच्या स्मरणशक्तीची तुलना करताना, अशीच पारख करतात.

१९४० साली सुखात्मे दिल्लीच्या शेती संशोधन परिषदेत रुजू झाले. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे प्राणांस मुकली. देशात धान्य किती पिकते, हे अचूक कळणे आता जीवनमरणाचा प्रश्न झाला होता. सर्वच शेतांचे पीक मोजणे अशक्य. म्हणून काही शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून, त्यांतील लहानशा तुकड्यांचे पीक कापून तोलीत असत. परंतु तुकडा फार लहान असला, की उत्पन्नाचा अंदाज फुगतो, असे सुखात्मे यांना आढळले. कडेवरची रोपे कापणाऱ्याकडून नकळत आत धरली जात. योगायोगाची चूक अधिक तुकडे मोजल्याने कमी होते. ही चूक मात्र कितीही तुकडे मोजले तरी तशीच राहते. म्हणून त्यांनी मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला. कागदावर वाढलेल्या धान्याने कोणाचे पोट भरणार?

१९५१ पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी रोम येथील जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली. जगातील दोनतृतीयांश लोक उपाशी आहेत, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. सर्वांची अन्नाची गरज सारखी नसते, हे ध्यानी घेऊन त्यांनी १९६१ साली निराळा हिशेब मांडला : शेकडा दहा ते पंधरा लोकांना पोटभर अन्न मिळत नाही, आणि निकस आहाराने पीडलेले त्याहून पुष्कळच अधिक आहेत. भूक त्यांनी लहान लेखली नाही; खरे भुकेले कोण, हे त्यांना शोधावयाचे होते.

१९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. पुढे पुण्यास राहून त्यांनी आहारविषयक संशोधन चालू ठेविले. २८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. आकडा मनासारखा आला तरी त्याची पारख केल्यावाचून तो स्वीकारू नये, हा धडा त्यांच्या चरित्रातून घेण्याजोगा आहे.